दिवेलागणीच्या आत परत

मोशी,
मंगळवार, २० जानेवारी

चि. विजयश्रीस आजीचे भरभरून आशीर्वाद. तुझ्यावरून कानशिलाला बोटं मोडलीत, तिकडे बंगळूरला आवाज आला असेल.

इकडे सगळं ठीक. तुझा मामा या आठवड्यात पहिल्या शिफ्टला आहे, त्यामुळे घरात चहा लवकर होतो आणि भांडणंही लवकर उरकतात. मामीचा गुडघा थंडीनं कुरकुरतो. तिळाचे लाडू पाठवलेत. आधी स्वतः खा, मग मैत्रिणींना दे. तू उलट करतेस आणि मग मला फोन करून विचारतेस, आजी परत कधी करणार.

फोन असताना पत्र कशाला असं म्हणशील. अगं, फोनवर तू "हं आजी, हो आजी" करतेस आणि मागून कुणीतरी इंग्रजीत बोलत असतं. शिवाय इकडे मामी बाजूला बसून भाजी निवडते, तिला सगळं ऐकू जातं. पत्रात मला कोणी मधे तोडत नाही. अक्षर एवढं मोठं का असं विचारू नकोस, घरात एकही धड पेन नाही, हे स्केचपेन सापडलं. एका पानावर चार ओळी बसतात म्हणून पाकीट जाड झालंय.

आता खरी बातमी. तुझी आजी परत पुस्तक वाचायला लागली. आणि तेही काचेवर.

तू मागे सांगितलं होतंस, आमची कंपनी वाचनालयांना फोनवरची पुस्तकं देते, मी भाव ठरवायच्या खात्यात आहे. तेव्हा मी मान हलवली होती, पण कळलं काही नव्हतं. मला वाटलं, किराणा मागवतात तसं फोनवरून पुस्तक मागवायचं, कोणीतरी पोरगं गाडीवरून आणून देणार. आता कळलं. नदीकडच्या रस्त्यावरचं आपलं वाचनालय आठवतं ना, तू लहानपणी तिथल्या बाकावर झोपायचीस. तिथं हर्षाली मॅडम म्हणून नव्या आल्यात. त्यांनी मामाच्या जुन्या टॅबवर अख्खं वाचनालय उतरवून दिलं. म्हणाल्या, आजी, काचेवर दोन बोटं ठेवा आणि फाकवा. फाकवली, तर अक्षर मोठं झालं. अजून फाकवली, अजून मोठं. बोराएवढा "क" बघितला मी. मला तर हसूच फुटलं. पहिलीत गुरुजींनी फळ्यावर काढला होता, त्यानंतर एवढा मोठा "क" आताच भेटला. पुस्तक उघडताना तुमच्या कंपनीचं चित्र येतं, त्याला मी रोज हात जोडते. केसरबाई म्हणते, "नातीला नमस्कार करतीस व्हय गं?"

केसरबाई म्हणजे शेजारची, तिचा गुरांचा वाडगा आणि आपला गोठा एकमेकांना लागून होता ती. आता गोठा नाही, वाडगाही नाही, दोघींच्या जागी बारा मजली सोसायटी आहे, पण आम्ही आहोत.

पुस्तक कसलं सांगू? सोना नावाची बाई घाटात टायरचं पंक्चर काढायचं दुकान चालवते. नवरा ट्रकवाला, तिला टाकून गेलेला. दीर म्हणतो दुकान माझं. बाई काय खमकी आहे. केसरबाई धरून आळीतल्या आम्ही सहाजणी ते वाचतो. पुस्तक मात्र वाचनालयाकडे एकच आहे, एकीनं घेतलं की दुसरीला मिळत नाही. हे मला चटकन पटलं. उन्हाळ्यात शेवयाचं यंत्र सगळ्या आळीत फिरतं, ते एकीकडे असताना दुसरीकडे कसं असणार? पण मॅडम म्हणाल्या, एकीला दोन आठवडे ठेवता येतं. म्हणजे सहावीचा नंबर येईस्तोवर पहिलीला सोना कोण तेच आठवायचं नाही. तेव्हा मीच नियम काढला. सकाळी घ्यायचं, काय वाचायचं ते वाचायचं, आणि दिवेलागणीच्या आत परत. दुसऱ्या दिवशी दुसरीनं. लोकाची वस्तू रात्री घरात ठेवायची नाही, हे माझ्या सासूनं मला लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलेलं. सगळ्यांना पटलं. केसरबाई पहिल्यांदा परत करताना बटणावर बोट धरून थांबली, म्हणाली, "मोकळंच द्यायचं का?" तिला सवय, कुणाचं भांडं परत देताना चिमूटभर साखर तरी घालायची.

मॅडमनी सांगितलं, अख्ख्या वाचनालयात तुमच्याएवढं कुणाचं पुस्तक फिरत नाही. मी केवढी फुगले असेन बघ.

बाकी काय. हल्ली तांदूळ फार स्वच्छ येतात, निवडावे लागत नाहीत, म्हणून मी ते काम मामीकडे दिलं. गोधडी शिवायची सोडली, सुयांची नेढी पूर्वीसारखी राहिली नाहीत. वाचनालयात जाताना केसरबाई माझा हात धरते. रस्ता ओलांडायला तिला भीती वाटते ना, गाड्या फार झाल्यात.

डबा परत पाठवू नकोस, तिकडेच ठेव.

तुझी,
आजी

—

मोशी,
गुरुवार, ५ फेब्रुवारी

चि. विजू, आशीर्वाद. लाडू पोचले, तुझ्या वाट्याला तीनच आले, हे कळलं. तू सुधारणार नाहीस.

आज मन जरा जड आहे. पुस्तक बंद पडलं.

परवा वाचायची माझी पाळी होती. आदल्या दिवशी केसरबाई वाचून आली ती थेट ओट्यावर येऊन बसली आणि सांगायला लागली, सोनाच्या दुकानापुढे ट्रक थांबला, टायर फुटलेला, आणि खाली उतरला कोण, तर नवरा. सोनाच्या हातात टायर उचकटायची टॉमी. पुढे काय, तर तिची दिवेलागण झाली आणि तिनं पुस्तक परत केलं. नियम म्हणजे नियम. सकाळी मी आंघोळ करून टॅब उघडला तर पुस्तकाचं चित्र करडं झालेलं. खाली लिहिलं होतं, पुस्तक उपलब्ध नाही.

मला वाटलं माझंच बोट चुकलं. केसरबाईला घेऊन वाचनालयात गेले. तिथं आधीच एक मुलगी उभी होती. दिव्या नाव. परभणीकडची आहे, चाकणला गाड्यांच्या वायरी बनवायच्या कंपनीत लागलीय, इथं दोघीतिघींत खोली करून राहते. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचते. आमच्या मागं तिचा नंबर लागला होता, दुसऱ्या दिवशी तिला मिळणार होतं. सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून बिचारी विचारायला आली होती.

हर्षाली मॅडमनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि समजावून सांगितलं. मला आतापर्यंत वाटत होतं, वाचनालयानं पुस्तक विकत घेतलं म्हणजे ते वाचनालयाचं. कागदाचं असतं तसं. तर तसं नाही. फोनवरचं पुस्तक ठरावीक वेळा द्यायला मिळतं. तेवढ्या वेळा दिलं की संपलं, मग परत पैसे भरा. कोणी दोन आठवडे ठेवलं तरी ती एक वेळ, आणि कोणी सकाळी घेऊन संध्याकाळी दिलं तरी ती एकच वेळ. आम्ही सहाजणींनी रोज घेतलं आणि रोज परत केलं. जे पुस्तक वर्षभर पुरलं असतं ते आम्ही महिन्यात संपवलं. एकीनंही पुरतं वाचलेलं नाही, आणि संपवलं.

विजू, कुणाची वस्तू आपल्याकडे अडकू नये म्हणून मी तो नियम केला, आणि त्यानंच ती सगळ्यांची गेली. मी दिव्याला म्हटलं, बाई, तुझ्या नंबरावर मी पाणी ओतलं. ती म्हणाली, "असू द्या की आजी. तुम्ही काय मुद्दाम केलंत का?" पण तिचं तोंड उतरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, तेच पुस्तक तुम्ही स्वतःसाठी फोनवर घेतलं तर जेवढ्याला पडतं, त्याच्या कितीतरी पट वाचनालयाकडून घेतात. त्यामुळे या वर्षाचे पैसे त्यात गेले, आता एप्रिलशिवाय नवीन काही घेता येणार नाही. आणि आता समितीचे उद्धवराव म्हणतायत की ही काचेवरची पुस्तकं बंदच करून टाकू. कागदाचं घेतलं की निदान कपाटात दिसतं, दहा वर्षं टिकतं. येत्या रविवारी त्यावर बैठक आहे. उद्धवराव माणूस वाईट नाही, वाचनालयासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केलेला माणूस आहे. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे.

पण विजू, मी कागदाचं वाचू शकत नाही.

बघ, लिहून झालं. दिवाळीपासून असं होतंय. सरळ दाराची चौकट मधे वाकडी दिसते. माणसाचे कान दिसतात आणि तोंडाच्या जागी धूर. ओळीतलं मधलं अक्षर कुणी पुसून नेल्यासारखं. मामाला "मोतीबिंदू असेल" सांगून केसरबाईबरोबर भोसरीला डॉक्टरकडे जाऊन आले. मोतीबिंदू नाही, आतला पडदा आहे. इंजेक्शन देतात डोळ्यात, दोन झाली. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, किती टिकेल ते नाही सांगता येत. तांदूळ स्वच्छ येत नाहीत गं, खडे मला दिसत नाहीत. रस्त्याची भीती केसरबाईला नाही, मला आहे. मामाला सांगितलं तर तो मला एकटीला फाटकाबाहेर पाय टाकू देणार नाही, म्हणून घरात बोलले नाही. फोनवर तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मामीनं ऐकलं असतं. तू आईलाही आत्ता सांगू नकोस, मी सांगेन.

काळ्यावर पांढरं, बोराएवढं अक्षर असलं की मला वाचता येतं. हळूहळू, मान जराशी वळवून, कडेच्या नजरेनं. पण येतं. अडीच महिन्यांनी पहिल्यांदा पान वाचलं त्या दिवशी मी टॅब उशाशी घेऊन निजले होते. म्हणून तुला पहिलं पत्र तसं नाचत लिहिलं. आता रविवारी ते बंद करायचं ठरलं तर माझं वाचणं तिथं संपलं.

आता तुझ्या कंपनीबद्दल. तुझ्यावर राग नाही, पण दोन गोष्टी मला कळत नाहीत, म्हणून विचारते. तू म्हणशील कागदाचं पुस्तकही फाटतं, म्हणून आम्ही काचेवरचंही ठरावीक वेळा देतो. अगं, कागद फाटतो कारण हात लागतो. काचेतल्या अक्षराला कुणाचा हात लागला? मी बोटानं फाकवलं, परत मिटलं, त्याला चुणी पडली नाही. दुसरं, घरच्याला एक भाव आणि वाचनालयाला कितीतरी पट, हे कसं? तू म्हणशील, वाचनालयात वाचणारे जास्त. बरं. पण गिरणीवाला दळणाचे पैसे वजनावर घेतो. घरात भाकरी खाणारी माणसं किती हे मोजत नाही.

आता हे पण लिहिते, कारण आपण कांदा चाकणच्या बाजारात नेऊन विकलेली माणसं आहोत. पिकवणाऱ्याच्या हाती काही पडलं पाहिजे हे मला कुणी शिकवायला नको. ती सोना जिनं लिहिली त्या बाईला पैसे मिळालेच पाहिजेत, चांगले मिळाले पाहिजेत. फुकट मी कुणाचं काही वाचलेलं नाही. पण ज्या भावानं गिऱ्हाईक पुढल्या वर्षी दुकानच बंद करायला निघतं, तो भाव पिकवणाऱ्याच्या तरी काय कामाचा?

तुझी बाजू कळव. मी अडाणी आहे, माझं चुकत असेल.

आजी

—

मोशी,
गुरुवार, ५ मार्च

चि. विजू, पोटभर आशीर्वाद. होळीला पुरणपोळी केली, तुझ्या नावाची एक केसरबाईला घातली.

तुझा फोन आला तेव्हा तू जेवढी रडलीस तेवढी मी डोळ्याच्या इंजेक्शनलाही रडले नाही. पुरे आता. घरात सगळ्यांना कळलं आहे, ते कसं ते सांगते.

रविवारच्या बैठकीला मी गेले. मला बोलवलं नव्हतं. उद्धवराव पैशाचं सगळं नीट मांडत होते आणि लोक माना डोलवत होते. शेवटी म्हणाले, कुणाला काही बोलायचं आहे का. मी उभी राहिले. मी म्हटलं, पुस्तक लवकर संपलं तो दोष काचेचा नाही, माझा आहे, नियम मी काढला होता. आणि मग माझ्या तोंडून निघूनच गेलं, "बंद करायचं तर करा, पण कपाटातलं पुस्तक मला दिसत नाही. तुमचं तोंडसुद्धा दिसत नाही उद्धवराव, आवाजावरून बोलतेय." मागं खुर्च्यांत आपली मामी बसली होती हे मला ठाऊक नव्हतं. दिसत नाही ना. ती उठून पुढं आली आणि सगळ्यांदेखत माझा दंड धरून उभी राहिली. घरी येईपर्यंत तिनं तो सोडला नाही. दुसऱ्या दिवशीपासून मला वाचनालयात सोडायला तीच येते, गुडघा घेऊन. मामा दोन दिवस फुगला होता, आता टॅबला नवं कव्हर आणलंय.

उद्धवराव बराच वेळ चष्मा पुसत होते म्हणे, मामीनं सांगितलं. मग म्हणाले, एप्रिलपर्यंत चालू ठेवू, आणि कंपनीला वाचनालयातर्फे पत्र लिहू. ते पत्र तुमच्याकडे आलं हे तू सांगितलंसच. त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी परत केलं तर ती वेळ इथून पुढं मोजायची नाही, हे तुझ्या साहेबांनी मान्य केलं, हे ऐकून मी टाळी वाजवली. हसलीस तू, पण तुमच्या कंपनीतल्या बैठकीत तू बोललीस हे मला कळत नाही का? भावाचा मात्र "विचार चालू आहे" म्हणालीस. विचार चालू आहे म्हणजे काय ते आम्हाला माहीत आहे, जमिनीच्या मोबदल्याचाही चालू होता.

आणि तू ते पुस्तक विकत घेऊन माझ्या टॅबवर टाकलंस. माझ्या एकटीचं. कधीही न संपणारं.

खरं सांगू, पहिल्या दिवशी मी आनंदानं वेडी झाले. दार ओढून घेतलं आणि उघडलं. नवरा उभा, सोनाच्या हातात टॉमी, तिथून पुढं वाचायला लागले. दोन पानं झाली नाहीत तोवर केसरबाईची हाक आली आणि मी काय करावं? टॅब पदराखाली घेतला. ती म्हणाली, "काय वाचतीस?" मी म्हटलं, काही नाही, दिवा मालवत होते. भर दुपारी. तिनं माझ्याकडं बघितलं असणार. मग म्हणाली, "पदरात उजेड पडलाय तुझ्या."

मला इतकं ओशाळं झालं. सांगून टाकलं सगळं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग लपवतीस कशाला? वाच की मोठ्यांदी. पोथी काय एकटीनं वाचत्यात व्हय?" आणि तिनंच सगळ्यांना हाका घातल्या. आठ दिवस रोज चार वाजता ओट्यावर बैठक. मी वाचायची, मान वाकडी करून, अडखळत. माझी नजर दमली की केसरबाई जोडाक्षरावर ठेचा खात पुढं न्यायची. कधी मामी. सोनानं त्याचा टायर काढला की नाही त्यावर आमच्यात दोन तट पडले आणि शेवट वाचल्यावर दोन्ही तट मोडले. तुला शेवट सांगत नाही, तू तुझं वाच. एवढंच सांगते, शेवटचं पान संपलं तेव्हा कुणाला उठावंसं वाटेना, आणि शेवटचं पान मी वाचलं. माझ्या डोळ्यांनी. डॉक्टरनं तिसऱ्या इंजेक्शननंतर आता थांबून बघू असं सांगितलंय, आणि मी पण थांबून बघतेय, पण ते पान माझं झालं.

इथंच पत्र संपवायचं होतं. पण काल दिव्या आली.

वाचनालयात तिला कळलं की आम्ही पुस्तक पुरं केलं. मला वाटलं, बरं झालं, हिचं देणं फेडावं. मी म्हटलं, ये बस, चहा घे, मी तुला पुढचं वाचून दाखवते. तू शिफ्टवरून दमून येतेस, नुसती ऐक. नाही म्हणाली. मी म्हटलं, मग निदान शेवट सांगते. तर ती पायरीवरून उठूनच उभी राहिली. म्हणाली, "नका सांगू आजी. माझा नंबर येईल तवा मी वाचीन. बसमध्ये सगळ्याजणी झोपलेल्या असतात, तेवढाच वेळ माझा एकटीचा असतो."

मी टॅब पुढं केला, म्हटलं, मग हाच घेऊन जा. ती हसली. म्हणाली, "तुमच्या नातीनं तुम्हाला दिलंय, आणि ते अक्षर तुम्हाला लागतं." चहा घेऊन गेली. जाताना विचारलं, एप्रिलात परत येईल ना ते? मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे.

विजू, तू मला पुस्तक दिलंस ते मायेनं दिलंस, आणि ते मी घेतलं, वाचलं, सगळ्यांना ऐकवलं, त्यात मला काही वाईट वाटत नाही. पण ती गेल्यावर मी ओट्यावर बसून विचार केला. माझं अडलं तर माझी नात पुस्तकाच्या कंपनीत आहे. दिव्याची आजी परभणीच्या पलीकडं कापूस वेचते. तिच्यासाठी भाव ठरवायच्या खात्यात कोण बसलंय? वाचनालय असतं ते तिच्याकरता. ज्याचं कुणी नाही त्याची रांगेतली जागा राखायला. ती जागा महाग झाली तर तुझी आजी वाचेल, ती नाही वाचणार.

तुझ्या साहेबांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. माझं अक्षर वाचायला त्यांना चष्मा लागायचा नाही. त्यांना सांग, आम्ही सवलत मागत नाही, आजी आहे म्हणून तर अजिबात नाही. लिहिणाऱ्या बाईचं भरपूर द्या. पण वाचनालयाला असा भाव लावा की ते एप्रिलात घेईल आणि पुढल्या एप्रिलात पण घेईल. आणि तुला नोकरीत त्रास होणार असेल तर हे नको दाखवूस, तू नुसती लक्षात ठेव. तू भावाच्या कागदावर बोट ठेवशील तेव्हा एक मुलगी कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी जागी बसलेली असेल, एवढं लक्षात ठेव.

बास. मान दुखली. मामी म्हणतेय आता तुम्ही सांगा, मी लिहिते, पण एवढं मला माझ्याच हातानं लिहायचं होतं.

तुझी,
आणि ज्यांची नात कंपनीत नाही त्यांचीही,
आजी